खलाच्या बुडातलं फ्लायव्हील

इराप्पा मिस्त्री घरी येताना दिसले, की मी आधी भांडी आत ठेवायचे. चोरीची भीती नव्हती, माणूस सरळ होता. पण एखादं भांडं त्यांच्या नजरेत भरलं की ते नखानं टिचकी मारायचे, कान लावायचे आणि जाहीर करायचे, "बाई, ह्यात पिस्टन हाय."

आमच्या कुकरमध्ये त्यांना दोन पिस्टन दिसले होते. स्वतःच्या पुतणीच्या लग्नात तर त्यांनी पेटती समई उचलली आणि लग्न लावणाऱ्या स्वामींना म्हणाले, "ह्यात कार्बोरेटर हाय बघा." स्वामी म्हणाले, "असू दे, पण लग्न लागूपर्यंत खाली ठेवा."

मिस्त्रींनी शिरोलीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर काढली होती. निवृत्त झाल्यावर बावड्यात, आमच्या शेजारच्या घराच्या मागच्या पडवीत, त्यांनी एक जुनं लेथ बसवलं आणि नारळाएवढं पेट्रोल इंजिन करायला घेतलं. गल्लीत तेव्हा टेलिफोन दोनच घरांत होते, पण इंजिन फक्त मिस्त्रींकडे. कशासाठी करताय, असं विचारलं तर म्हणायचे, "चालवायला की!" सिलिंडर झाला, पिस्टन झाला, पावडरच्या डब्याची टाकी झाली. दोरी गुंडाळून हिसका दिला की इंजिन एकदा 'फट्' म्हणायचं आणि गप्प व्हायचं. ते फट् आम्ही दोन वर्षं ऐकलं.

कमी होतं ते फ्लायव्हील, म्हणजे एका ठिणगीपासून दुसरीपर्यंत इंजिनाला ओढून नेणारं जड चाक. आणि ते मिस्त्रींच्या मते त्यांच्या बायकोच्या खलाच्या बुडात होतं. गंगाअक्कांचा तो पितळी खलबत्ता निपाणीच्या माहेरचा, त्यावर त्यांच्या आईचं नाव घातलेलं. मिस्त्री रोज विचारायचे, "कापू काय?" अक्का रोज ओरडायच्या, "मी मेल्यावर घ्या!" शिरोलीत लोखंडाचा काय दुष्काळ पडलाय, असं मी एकदा म्हणाले. "बिडाला वजन असतंय बाई, जीव नसतोय," मिस्त्री म्हणाले. नवराबायकोत दुसरं बोलणं असं मी कधी ऐकलं नाही.

मग एका सकाळी अक्का न्हाणीघरात पडल्या. अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी झाली आणि वाचा गेली. पंधरा दिवसांनी त्यांना दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा त्या नुसत्या आढ्याकडे बघत पडून असायच्या. मी शाळेत शिकवून आल्यावर पेज घेऊन जायचे. चमचाभर पोटात, चमचाभर उशीवर.

अशाच एका संध्याकाळी मी पेज भरवत होते. मिस्त्री आत आले, फळीवरून खल काढला, अक्कांच्या तोंडासमोर धरून टिचकी मारली आणि म्हणाले, "कापू काय?"

अक्कांचा चेहरा लालबुंद झाला. डावा हात उचलायला गेल्या, तोंडातून लाळ गळाली, आणि पडल्यापासूनचा पहिला शब्द फुटला, "ब्या... ब्याडा!" म्हणजे 'नको'. माहेरचं कानडी.

"काका, लाज नाही वाटत?" मी ओरडले. "माणूस मरायला टेकलंय, आणि तुम्हाला चाक सुचतंय?"

"बुडात फ्लायव्हील हाय की," मिस्त्री शांतपणे म्हणाले.

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पेज मात्र नेत राहिले. आणि रोज तो छळ बघत राहिले. खल निघायचा, टिचकी वाजायची, अक्का संतापानं थरथरायच्या. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, असला नवरा वैरिणीलाही मिळू नये. मीही म्हणत होते. चार महिन्यांनी एकदा अक्का सलग, स्वच्छ म्हणाल्या, "मी मेल्यावर घ्या!" मिस्त्री पडवीत गेले आणि मोजमापाचा व्हर्निअर कितीतरी वेळ पुसत बसले. मला वाटलं, माणूस रागावला.

वर्ष पुरं व्हायच्या आत दुसरा झटका आला. अक्का गेल्या.

पाहुणे पांगल्यावर दुपारी मी भाकरी घेऊन गेले. मिस्त्री रिकाम्या खाटेसमोर बसले होते. माझ्या पोटातला राग अजून निवला नव्हता.

"आता घ्या की तो खल," मी म्हणाले. "त्या म्हणाल्याच होत्या."

मिस्त्री उठले. पडवीतून त्यांनी इंजिन आणलं, आणि पत्र्याच्या पेटीतलं एक तेलकट फडकं आणून माझ्यासमोर उलगडलं. आत फ्लायव्हील होतं. बिडाचं, घासूनपुसून आरशासारखं केलेलं. त्यांनी ते इंजिनाच्या दांड्यावर सरकवलं, तर अचूक बसलं.

"हे कधी केलंत?"

"ती पडायच्या आदल्या आठवड्यात. देत न्हवती, म्हणून बिडाचं केलं."

"मग इंजिन चालवलं का नाही?"

"चाललं असतं तर खल कशापायी मागायचा, बाई?" मिस्त्रींनी चाक परत काढलं. "डागदर म्हनला, बोलतं करा. मला दुसरं काय बोलाय येतंय? मी खल मागायचा, तिनं भांडायचं. येवढंच आमचं."

मला माझी शरम वाटली. वर्षभर मी त्या खोलीत बसले होते, आणि काहीच बघितलं नव्हतं.

"आता तरी चालवा," मी कशीबशी म्हणाले.

त्यांनी ऐकलं नाही. फळीवरचा खल काढला, सवयीनं टिचकी मारली आणि खाटेकडे बघून विचारलं, "कापू काय?"

आणि वाट बघत उभे राहिले. खल हातात, मान किंचित पुढे, रोज राहायचे तसेच. मला ते बघवेना.

"ब्याडा," मी म्हणाले.

मिस्त्रींनी मान हलवली आणि खल परत फळीवर ठेवला.