माझा अभ्यास आणि तिची सुई

धर्मशिक्षणात माझा हात धरणारं आमच्या चर्चमध्ये कुणी नाही! बावीस वर्षं मुलांना शिकवतेय मी. म्हणूनच ‘शुभवर्तमान आता मोबाईलवरून घरोघर गेलं पाहिजे’ असं फादर म्हणाले, तेव्हा चर्चचं फेसबुक पान आपसूक माझ्याकडे आलं.

मी जोरात सुरुवात केली. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या पवित्र त्रैक्यावर एक्केचाळीस मिनिटांचा व्हिडिओ! सतरा जणांनी पाहिला. म्हणजे अकरा वेळा मी, चार वेळा आमचे हे (पैकी तीनदा घोरत), आणि उरलेले दोन कोण, ते देवाला ठाऊक.

आणि माझी धाकटी जाऊ! शिवणकाम करते. एकदा ब्लाउज शिवताना तिची सुई हरवली. ती शोधता शोधता बयेने मोबाईल लावला आणि बायबलमधला हरवलेल्या नाण्याचा दाखला सांगितला. “त्या बाईनं अख्खं घर झाडलं, तसंच देव आपल्याला शोधतो हं... अय्या, सापडली!” संपला व्हिडिओ. एक मिनिट. सहा हजार लोकांनी पाहिला!

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! त्यात चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना आटोपून निघाले, तर दूधवाला म्हणाला, “तुम्ही त्या सुईवाल्या बाईंच्या जाऊ ना?” बावीस वर्षांची तपश्चर्या, आणि मी कोण? सुईवालीची जाऊ!

दुपारी मी ‘एक हितचिंतक’ नावाचं खातं उघडलं आणि तिच्या व्हिडिओखाली लिहिलं, ‘नाण्याच्या दाखल्यात सुई नाही. सुईच्या नाकातून उंट जाण्याचं वचन आहे, सुई त्यात आहे. अभ्यास वाढवा!’ मग अशी गाढ झोपले, की उठले ती फोनच्या आवाजाने.

“अहो, चर्चनं त्या बिचारीला असं कसं फटकारलं?” पलीकडून आमच्या चर्चमधल्या नर्सबाई ओरडत होत्या.

“चर्चनं?”

मी घाईघाईने व्हिडिओ उघडून पाहिला. हितचिंतक राहिला बाजूला, शेरा चर्चच्या नावाने गेला होता! खाली दोनशे जणांची जुंपलेली. कुणी म्हणे, फादरांना शिलाईचा राग आहे. कुणी म्हणे, चर्च उंटाच्या बाजूचं आहे. शेरा पुसायला जाते, तोच दारात धाकटी. डोळे सुजलेले.

“ताई, फादर माझ्यावर रागावलेत. मी व्हिडिओ काढून टाकते. तुमचा अभ्यास दांडगा, तुम्ही माझ्या वतीनं माफी मागाल का?”

आता बोला! जिच्यावर जळत होते, तीच माझ्या पदराआड आलेली. “थांब जरा, काही काढू नकोस,” म्हणाले आणि चपला अडकवून निघाले ती थेट चर्चमध्ये, फादरांपुढे पापाची कबुली द्यायला, पापनिवेदनाला.

“फादर, मी मत्सर केला.”

जाळीपलीकडून उसासा आला. “उंट?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“‘अभ्यास वाढवा’ असं चर्चमध्ये दुसरं कोण म्हणतं? जा, तिच्यासमोर कबूल करा. हेच प्रायश्चित्त.”

परत आले, तर ती माझ्याच ओट्यावर चहा टाकत होती. मान खाली घालून मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता बोलणंच तोडेल. तर ती खुदकन हसली!

“तुम्ही होय! मला वाटलं फादर! मग काही नाही हो!”

मग काही नाही? म्हणजे माझ्या शेऱ्याला काही किंमतच नाही? पण तेव्हा तोंड उघडायची सोय नव्हती.

“ताई, फादरांवरचा आळ तरी जायला हवा. हे असंच मोबाईलसमोर बोला ना.” तिनेच तो धरला. मी बोलले. कशी जळले, का जळले, सगळं. शेवटी रडूच आलं. एक मिनिट दहा सेकंद झाली.

आठवड्यात नऊ हजारांनी पाहिलं! एका अनोळखी बाईने लिहिलं की चार वर्षांनी बहिणीला फोन केला. मला खरंच भरून आलं.

रविवारी फादर म्हणाले, “उत्तम झालं, बाई. सात प्रमुख पापांपैकी मत्सर झाला. आता पुढचं घ्या.”

“घेते की. पण फादर,” मी आवाज खाली आणून विचारलं, “आधी मत्सराचाच दुसरा भाग केला तर? तिचा अकरा हजारांवर गेलाय!”