जपानी भाषेतली आई

जपानी रॉक कळणारी व्यक्ती आख्ख्या पंचवटीत एकच, आणि ती म्हणजे आपण, याबद्दल नववीतल्या तेजल पगारेला तिळमात्र शंका नव्हती. ‘कासा’ या बँडची तिला एकूण दीड गाणी येत. अर्धं अशासाठी, की ते कार्टूनच्या शेवटी लागायचं आणि निम्म्यावर आई टीव्ही बंद करायची.

त्या कासाचं नवं गाणं आलं, तेव्हा तेजलचा मोबाईल नेमका तूरडाळीच्या डब्यात होता. गणितात अकरा मार्क पडल्यापासून त्याचा मुक्काम तिथेच.

“एकदाच ऐकू दे ना, आई. कासाचं आहे.”

“कसा?”

“कासा.”

“कसा का असेना. आधी मी ऐकणार.”

आईनं मोबाईल झटकून गाणं लावलं. पत्र्यावर कुणी कांद्याच्या गोण्या ओताव्यात तसे ड्रम वाजले. गिटार शेपटीवर पाय पडल्यासारखी किंचाळली. आईचा हात पुन्हा डब्याकडे निघाला, आणि तेवढ्यात सगळं शांत होऊन गायकानं गळा काढला, “आई... आई...”

हात थांबला. “हा आईला हाक मारतोय?”

तेजलला जपानीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मोबाईल समोर दिसत होता. “मग? आईवरच आहे गाणं. तिकडेही आईला आईच म्हणतात.”

आईनं पदर डोळ्यांना लावला. मोबाईल सुटला.

इथवर ठीक होतं. पण भाजीबाजारात आईला वर्गशिक्षिका शुभांगी मॅडम भेटल्या, आणि मेथी निवडता निवडता आईनं सगळं सांगून टाकलं. मॅडमचे डोळे चमकले. शनिवारी शाळेत माता-पालक मेळावा होता. प्रमुख पाहुण्या स्नेहाताई, शाळेच्याच माजी विद्यार्थिनी, आठ वर्षं जपानात नोकरी करून सुट्टीवर आलेल्या.

“त्यांना आपल्याकडून जपानी मातृगीत!” मॅडम म्हणाल्या. “तेजलच म्हणेल.”

“मला नाही जमणार,” तेजल घरी म्हणाली.

“नको म्हणूस,” आई म्हणाली. “डबा काय, रिकामाच आहे.”

तेजलनं ऐकून ऐकून शब्द रफ वहीत उतरवले आणि शनिवारी माईकसमोर उभी राहिली. पहिल्या कडव्याला दीडशे आया डोलल्या. ‘आई’ आलं की ती हात जोडायची आणि समोर रुमाल निघायचे. मग तर तिला चढलंच. दुसरं कडवं गातच ती स्टेजवरून उतरली आणि पहिल्या रांगेतल्या आईच्या पायांवर डोकं ठेवलं. टाळ्या थांबेनात. फक्त स्नेहाताई पाण्याची बाटली तोंडाला लावून जोरात खोकत होत्या.

“ताई, दोन शब्द,” मॅडमनी आग्रह केला.

“उच्चार फार छान,” स्नेहाताई म्हणाल्या. “फक्त... जपानीत ‘आई’ म्हणजे प्रेम.”

“तेच की,” मॅडम म्हणाल्या. “आईचं प्रेम.”

“तसं नाही हो, मॅडम. एक मुलगा मुलीला बोलावतोय.”

“कुठे?”

“स्टेशनवर.”

रुमाल डोळ्यांवरून खाली आले. मागून कुणीतरी खवचटपणे विचारलं, “आणि ते दुसरं कडवं, ताई? पाया पडली ते?”

स्नेहाताईंनी तेजलकडे बघितलं. तेजलनं डोळ्यांनी खूप विनवलं.

“त्यात तो म्हणतो,” स्नेहाताई हळूच म्हणाल्या, “घरी सांग, क्लासला चालले.”

दीडशे रुमाल पुन्हा तोंडावर गेले, पण या वेळी हसू दाबायला.

आईनं तेजलला स्कूटरवर बसवून घरी आणलं. फाटकाशी गाडी लावून तिनं एवढंच विचारलं, “तुझा क्लास नक्की किती वाजता सुटतो गं?”

मोबाईल डाळीत परत गेला. आता क्लासला आई स्वतः सोडते आणि न्यायलाही येते, तीही पाच मिनिटं आधी. सिग्नलला थांबली की गुणगुणतेसुद्धा, “आई... आई...”

पहिलंच कडवं. दुसरं तिनं वर्ज्य केलंय.