पाटीवरचं दार

खैरगावचं चर्च त्याच्या पाटीवर जसं रंगवलेलं असेल, तसं होत असे.

पाटी हमरस्त्याच्या फाट्यावर होती आणि चर्च आत, चिंचांच्या मागे. फार पूर्वी सिनेमाची पोस्टरं करणाऱ्या एका रंगाऱ्याने ती रंगवली होती. हाताला सवय म्हणून त्याने पाटीवरच्या चर्चला निळी सावली दिली. तेव्हापासून चर्चच्या एका अंगाला निळी सावली पडलेली असे, सकाळी आणि संध्याकाळीही, आणि महिला मंडळाला त्या बाजूला शेवया वाळवता येत नसत. दार त्याने मिटलेलं काढलं होतं. ते ढकललं की उघडे, पण हात काढला की आपोआप मिटे. म्हणून दर रविवारी कुणीतरी बाहेर उभं राहून ते पाठीने रेटून धरत असे. याला दार धरणं म्हणत. हा मान साहेबराव पगाऱ्यांच्या घराकडे होता. वडिलांनी धरलं, मग साहेबरावांनी. पाळकांचा उपदेश दोघांनीही जन्मभर चिंचांकडे तोंड करून ऐकला.

अलीशिबा तोरणे, जिला सगळे शिबा म्हणत, बर्फ पडणाऱ्या देशातून अक्षरं, रंग आणि बोधचिन्हं यांचं शिक्षण घेऊन परतली, तेव्हा पाटी उन्हाने विटून गेली होती. साहजिकच चर्चही विटलं होतं. भिंतीतून पलीकडची चिंच दिसे. उपासनेच्या वेळी बाकांवर बसलेली माणसं रस्त्यावरून दिसत, पण ती कशात बसली आहेत ते कळत नसे. विभागीय कार्यालयाचे सचिव भालेराव गेल्या खेपेला चर्च न सापडल्यामुळे फाट्यावर मिसळ खाऊन परत गेले होते. त्यानंतर कार्यालयाने ठराव केला, की न दिसणारं चर्च चालवण्यात अर्थ नाही. पुनरुत्थानाच्या सणानंतर, म्हणजे ईस्टरनंतर, त्याला कुलूप लावावं आणि मंडळी तालुक्याच्या चर्चमध्ये जोडून द्यावी. तालुका दोन गाड्या बदलून होता. खैरगावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना तिथवर जाणं जमणार नव्हतं, आणि त्यात शिबाची आई होती.

“कुलूप लागणार नाही,” शिबा आईला म्हणाली. “मी पाटी करते.”

पंचांची सभा पाळकसाहेबांच्या ओसरीवर भरली. महिला मंडळाच्या मंजुळाबाईंना पाटीवर कबुतर हवं होतं आणि जमलं तर गुलाबाची वेल.

“वेल काढली तर वेल येईल, मावशी,” शिबा म्हणाली. “मग तिला पाणी कोण घालणार?”

“आमचं मंडळ घालेल. बसूनच तर असतो आम्ही.”

साहेबरावांना खाली मंडळीचा फोन नंबर हवा होता. पाळकसाहेबांनी विचारलं, तो चर्चवर कुठे उमटेल. साहेबराव म्हणाले, जिथे उमटायचा तिथे उमटू दे, फोन उचलला जाईल.

शिबा उभी राहिली. ती बोलायला लागली की तिचे कान लाल होत. ती म्हणाली, की आपली मंडळी गेली कित्येक वर्षं सगळं एकाच पाटीवर कोंबते आहे, म्हणून कुणी काहीच वाचत नाही. चिन्ह असं हवं, की धावत्या गाडीतल्या माणसाला एका नजरेत कळावं, इथे कुणीतरी आपली वाट बघतंय. जे नसलं तरी चालेल ते काढून टाकायचं. उरेल ते चर्च.

“हे तिकडे शिकवतात?” साहेबरावांनी विचारलं.

“हो काका.”

“फी घेऊन?”

पाळकसाहेबांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. मंजुळाबाईंनी कबुतराबद्दलची नाराजी नोंदवून घ्यायला लावली.

शिबाने शनिवारी पाटी रंगवली. पांढऱ्यावर गडद लाल, एक उतरतं छप्पर, दोन सरळ भिंती आणि मधोमध क्रुसाच्या आकाराची एक बारीक फट. रंग वाळला तसं चिंचांच्या मागे चर्च उभं राहिलं. ते इतकं ठसठशीत होतं, की हमरस्त्यावरच्या दोन ट्रकनी वेग कमी केला. निळी सावली गेली होती. शिबा फाट्यावरून धावत आली आणि चर्चला एक फेरी घातली. मग आणखी एक फेरी घातली.

चर्चला दार नव्हतं.

पाळकसाहेब आत होते. शनिवारी दुपारी रिकाम्या बाकांपुढे उपदेश म्हणून बघायचा त्यांचा परिपाठ होता. त्यांचा एक डोळा क्रुसाच्या फटीत दिसला.

“काम सुबक झालंय, बाळ,” ते म्हणाले. “बाहेर कुठून यायचं, तेवढं सांग.”

तोवर साहेबराव दार धरायच्या जागी येऊन पोचले होते आणि पाठ टेकायला जागा शोधत होते.

“दार का नाही काढलंस?” त्यांनी विचारलं.

“चिन्ह लहान केलं की दाराचा ठिपका होतो, काका. अगदीच डाग दिसतो.”

“केवढं लहान?”

“व्हिजिटिंग कार्डावर घेतलं की.”

साहेबरावांनी भिंतीकडे पाहिलं. “आपल्याला कार्डात नाही शिरायचं, पोरी. ह्याच्यात शिरायचंय.”

शिबाने लगेच रंगाचा डबा उघडला. पण पाटीत फेरफार करायला पंचांची सभा लागे आणि सभेची सूचना आदल्या दिवशी द्यावी लागे. दुसरा दिवस रविवार, आणि रविवारी सभा घ्यायची नाही असा नियम खुद्द पाळकसाहेबांनीच केला होता. तो मोडायला ते तयार होईनात. मंजुळाबाईंनी भाकरी दुमडून फटीतून आत दिली. कोरड्यास पातळ असल्यामुळे देता आलं नाही.

रविवारी मंडळी चिंचांखाली बसली. पाळकसाहेबांनी फटीतून उपदेश केला. रस्त्यावरून चर्च बघून थांबलेली अनोळखी माणसंही त्यात होती. दोन कुटुंबं आणि एक टेंपोवाला. उपासना संपल्यावर टेंपोवाल्याने आत जाता येईल का असं विचारलं. शिबाने मान खाली घातली नाही. ती म्हणाली, “पुढच्या रविवारी या. आत जाता येईल.”

सोमवारी सभा फटीपाशी भरली, कारण अध्यक्ष आत होते. दार काढायचं यावर एकमत होतं. मिटलेलं की उघडं, यावर नव्हतं.

“मिटलेलंच काढ,” साहेबराव म्हणाले. “उघडं काढलंस तर ते उघडंच राहील. शेळ्या येतील. पेटी जाईल चोरीला.”

“पेटीचा आवाज ऐकलाय सगळ्यांनी,” मंजुळाबाई म्हणाल्या. “कुणी नेत नाही ती.”

“आणि मी काय करू?” साहेबराव म्हणाले. हे ते बरेच हळू बोलले.

शिबा त्यांच्यासमोर जाऊन बसली. “काका, मी इतकी वर्षं लांब होते. तिकडे पुष्कळ चर्चं बघितली, सुंदर होती, आणि पुष्कळांना कुलूप होतं. मला इथे मिटलेलं दार काढता येणार नाही. माझा हातच चालणार नाही. शेळ्या मी हाकलेन. दर रविवारी हाकलेन.”

साहेबरावांनी दाराच्या जागी भिंतीला पाठ टेकून पाहिली. मग म्हणाले, “दोन्ही फळ्या उघड्या काढ. अर्धवट काम नको.”

पाळकसाहेबांनी फटीतून सही केली. दुपारी रंग वाळल्यावर ते बाहेर आले आणि आधी कोरड्यास जेवले.

ईस्टरचा सण होऊन गेला होता. पुढच्या रविवारी सचिव भालेराव कुलूप घेऊन आले. या वेळी त्यांना कुणाला वाट विचारावी लागली नाही.

“सलाम. चर्च छान दिसतंय,” ते शिबाला म्हणाले.

“मग कुलूप कशाला, साहेब?”

“ठराव झालाय. दिसायला लागल्यास लावू नये, असं ठरावात नाही.”

त्यांनी दोन्ही फळ्या ओढून मिटल्या. कुलपासाठी हात काढला तशा त्या उघडल्या. भालेरावांनी कोट काढून ठेवला आणि फळ्या पुन्हा रेटल्या. आतून मंडळी आदराने बघत होती. शेवटी त्यांनी साहेबरावांना हाक मारली.

“दार धरणारे तुम्हीच ना? जरा धरता का? मिटलेलं धरायचंय.”

“मिटलेलं धरायचा आम्हाला सराव नाही,” साहेबराव म्हणाले.

भालेरावांनी घाम पुसला आणि खिशातल्या कागदावर लिहिलं, की दार मिटत नसल्याने कार्यवाही करता आली नाही. सबब पुढील आदेशापर्यंत उपासना चालू ठेवावी. मग टेंपोवाल्याने सरकून जागा दिली, तिथे ते बसले.

साहेबराव उंबऱ्यात थोडा वेळ घुटमळले आणि शिबाच्या आईशेजारी येऊन बसले. बाकाला टेकायला पाठ होती, तरी ते टेकले नाहीत. उघड्या दारातून वारा आत येत होता आणि गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत होती. शिबाने भालेरावांच्या हातातलं कुलूप मागून घेतलं आणि उघडलेल्या पानावर ठेवलं. पेटी सुरू झाली. शेळी दारात आली, तशी शिबा उठली.