साहेबांच्या हाताचं पिस्तूल

कार्यालयीन नेमबाजी मंडळाचा अध्यक्ष या नात्याने नव्या पिस्तुलाचा नेम जुळवण्याची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली. रविवारी शेजारच्या कार्यालयाशी सामना होता. चषक आपलाच, असं मी घरी सांगून बसलो होतो. चषकाला जागा हवी म्हणून कपाटावरचा सासूबाईंचा रेडिओही खाली उतरवला होता. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून मी गोळ्या झाडल्या. सगळ्या टार्गेटच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात.

"साहेब, चाप ओढताना तुम्ही दचकता. डोळे मिटतात, मनगट पडतं," प्रशिक्षक म्हणाले. "पिस्तूल ठीक आहे."

"ठीक असतं तर गोळी मधे नसती का गेली?"

यावर त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला. त्यांची मुदतवाढ माझ्याच हातात होती.

मग मी नेम धरायची मागची खाच उजवीकडे आणि वर सरकवत नेली. स्क्रू संपला, पण गोळी अगदी मधोमध बसली! टाळ्या पडल्या. जुळणी समाधानकारक झाल्याचं मी जाहीर केलं.

पंचाईत एवढीच, की संघातल्या बाकीच्यांचे हात स्थिर होते. त्यांच्या गोळ्या उजवीकडे वर जाऊन छपराच्या पत्र्यात घुसू लागल्या. म्हणून संघहितार्थ दचकण्यात एकसूत्रीपणा आणण्याचं ठरलं. रोज सकाळी कवायत: डोळे मिट, खांदा उडव, मनगट पाड. सगळे तयार झाले. रोखपाल बाईंना मात्र काही केल्या जमेना.

"साहेब, मला भीतीच वाटत नाही हो!"

"प्रयत्न करा. मलाही हे एका दिवसात नाही आलं."

रविवारी कळलं की पिस्तुलं यजमानांची वापरायची. त्यांच्या खाचा सरळ. आमचा संघ एकसाथ दचकला. काय ती शिस्त, ऊर भरून आला! गोळ्या डावीकडच्या टार्गेटवर जाऊन बसल्या. ते यजमानांचं होतं. आमच्या मदतीने त्यांनी उच्चांक केला. आमच्याकडून एकाच व्यक्तीच्या गोळ्या मधोमध लागल्या. बेशिस्तीबद्दल रोखपाल बाईंना मी तिथल्या तिथे संघातून काढलं.

घरी आलो तर बायको रेडिओ परत कपाटावर ठेवत होती.

"अहो, हात सुधारायचा सोडून खाच कशाला हलवलीत?"

"हात सुधारायला वेळ लागतो गं."

"आणि लाज वाटायला?"

वाटली. खोटं कशाला बोलू, चांगलीच वाटली. पण तुम्ही एवढे हसू नका. वजनकाट्यावर चढण्याआधी खाली वाकून काटा शून्याच्या जरासा मागे कोण नेतं, ते मला ठाऊक आहे. आमच्या मंडळात सध्या एक जागा रिकामी आहे. रोखपाल बाईंची. तुम्हाला शिकवावंही लागणार नाही.