मेश्रामांचा पिवळा खडू

माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर, बरोबर पाठीच्या मधोमध, पिवळ्या खडूने गोल काढून मला अख्ख्या ओमती बाजारात हिंडू देणारा माणूस माझ्याच पगारावर होता. मी पान खाल्लं, पत्र्याच्या व्यापाऱ्याशी तासभर भाव केला, दोघा-तिघांना नमस्कार केले. मागून लोक हसत होते आणि मला वाटत होतं, आज आपला रुबाब पडतोय. घरी गेल्यावर बायको म्हणाली, "तुमच्यावर कोणी नेम धरून राहिलं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात पाय ठेवला तो ओरडतच. मेश्राम स्टुलावर बसून एका कपाटाचं बिजागर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "काल तुम्ही बैजू वेल्डरवर विनाकारण ओरडले, गोविंदराव. गोल म्हणजे दुरुस्ती. फुली नाई मारली, नशीब समजा."

जबलपूरच्या मदन महल स्टेशनच्या मागे माझा लोखंडी कपाटांचा आणि पेट्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, नऊ कामगार आणि मी. पण हे सगळं मी शून्यातून उभं केलं, कोणाच्या बापाचं काही घेतलं नाही, हे मी गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. त्यानंतर टेबलावरचा लोखंडी तुकडा उचलून दाखवतो. बोटाच्या पेराएवढा चौकोनी तुकडा, आणि तो ज्यात बसवायचा ती चौकट. ती गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण माझं मेश्रामांशी वैर तिथून सुरू होतं.

विशीत असताना मी मझौलीहून सायकल मारत जबलपूरच्या मोठ्या फॅक्टरीत फिटरच्या परीक्षेला आलो होतो. कानशीने तुकडा असा घासायचा की चौकटीत घातल्यावर कडेने उजेडसुद्धा दिसता कामा नये. दिवसभर घासला. तपासनीस होते श्यामराव मेश्राम. खाकी कपडे, कानावर पेन्सिल, चेहऱ्यावर माशी बसली तरी तिला परवानगी घ्यावी लागेल असा भाव. त्यांनी तुकडा उजेडासमोर धरला, "नाई" एवढंच म्हणाले आणि चौकटीसकट माझ्या हातात ठेवला. मी तसाच तडक सायकलवर बसलो. वाटेत ठरवलं, फॅक्टरी गेली खड्ड्यात, मी माझी फॅक्टरी काढीन.

काढली. आणि बावीस वर्षांनी, मेश्राम निवृत्त होऊन काम शोधताहेत असं कानावर आलं, तेव्हा मी स्वतः त्यांच्याकडे गेलो. लोकांना वाटलं, गोविंदरावाने अनुभवी माणूस हेरला. खरं सांगतो, मला फक्त या माणसाने रोज सकाळी मला नमस्कार करावा, एवढीच इच्छा होती.

त्यांनी नमस्कार केलाही. मग माझ्या टेबलावरचा तुकडा पाहिला. मी मुद्दाम सगळी गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "अच्छा." आणि कामाला लागले. बावीस वर्षांच्या रागाची एका 'अच्छा'वर बोळवण!

पगाराची बोलणी तर मी आयुष्यात हरलो ती तेवढीच. मी आकडा कमी सांगितला, म्हणजे ते वर चढतील आणि मी मधे थांबेन. ते म्हणाले, "चालते." मग एकेक मागायला लागले. एक भोंगा. दोन रंगांचे खडू. खालच्यांनी वरच्यांना बोलायची मुभा. "यात पैसा नाही," मी खूश होऊन म्हणालो आणि फसलो.

शेडच्या भिंतीवर त्यांनी लिहून काढलेला कायदा असा होता. पांढऱ्या खडूची टिक म्हणजे माल पास. पिवळा गोल म्हणजे दुरुस्ती. पिवळी फुली म्हणजे भंगार, आणि भंगार कारागिराच्या हाती परत द्यायचं नाही, सरळ तोडायचं. "फुलीचा माल परत देला तर मानूस त्यालाच ठोकत बसते. गोलाचा माल मात्र ज्याचा त्याच्याच हातात द्याचा. ज्यानं बिघडवला तोच सुधारन." ज्याला गोल मिळेल त्याने चार वाजता सगळ्यांचा चहा करायचा. आणि माणसालाही गोल मिळू शकतो. शेवटची ओळ मी नीट ऐकली नव्हती.

पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त चहा मी केला. माझा आवाज चढला की बैजू वेल्डर चष्मा कपाळावर सरकवून ओरडायचा, "मेश्राम बाबू, सेठ का गोल!" मेश्राम उठायचे आणि माझ्या खोलीच्या दारावर शांतपणे गोल काढायचे. मालक स्टोव्हला पंप मारतोय आणि नऊ कामगार रांगेत कप धरून उभे आहेत, हे दृश्य जबलपुरात दुसरीकडे कुठे दिसलं असेल तर मला कळवा. वर बैजूचं, "सेठ, अदरक कम है।"

धंद्याचं तर विचारू नका. एकदा मी गिऱ्हाइकाला एक कपाट असं रंगवून सांगत होतो की मलाच ते घ्यावंसं वाटायला लागलं. मागून मेश्राम आले आणि त्यावर फुली मारून गेले. मी बाहेर जाऊन दात-ओठ खाल्ले.

"गिऱ्हाईक समोर होतं!"

"मंग? मागून मारली असती तर ते खोटं झालं असतं ना बापा."

पण घडलं भलतंच. लोक कपाट घ्यायला आले की किंमत विचारायच्या आधी विचारायला लागले, "मेश्रामजींची टिक आहे का?" टिक दाखवली की पैसे काढून ठेवायचे. मी म्हणायचो, "अहो, काही कमी-जास्त बोला तरी!" ते म्हणायचे, "टिक आहे ना, मग कशाला?" ज्या माणसाने भाव करण्यावर उभं आयुष्य काढलं, त्याच्या तोंडचा घास या माणसाने असा काढला. विक्री दुप्पट झाली. माझं दुःख कोणाला सांगू?

शेडमध्येही हवा बदलली. पूर्वी मी पाठ फिरवली की हातोड्या थांबत. आता मी असलो काय, नसलो काय. बैजू स्वतःचाच जोड पाहून स्वतःच गोल काढायचा आणि पुटपुटत आल्याचा तुकडा शोधायला जायचा. मी एकदा मेश्रामांना विचारलं, "तुम्ही यांच्यावर काय जादू केली?" ते म्हणाले, "काई नाई. तुम्ही त्याहिले पाहून राहिले होते. मी माल पाहून राहिलो. मानूस पाहिला की लपवते."

शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्यांना एक नवाच छंद लागला. कपाटाचं दार ते डोळे मिटून उघडायचे, मिटूनच बंद करायचे आणि कान लावून ऐकायचे. पत्र्यावरून बोटं फिरवायचे. "कपाट बोलते," म्हणायचे. कामगार आदराने हातोड्या खाली ठेवत. मीही गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचो, "आमचा माणूस डोळे मिटून माल पास करतो." या वाक्याची आता मला लाज वाटते.

एका सकाळी शाळेतल्या देशपांडे बाई हातगाडीवर कपाट घालून परत आल्या. लेकीच्या लग्नासाठी आदल्याच दिवशी आम्ही घरपोच पाठवलेलं.

"गोविंदराव, हे काय आहे?"

कपाटाचं एक दार हिरवं होतं आणि दुसरं राखाडी. आत पांढरी टिक.

मेश्राम पुढे आले. दारांवर बोटं फिरवली. "आवाज तर साफ आहे," म्हणाले.

"रंग बघा ना!" बाई म्हणाल्या.

त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. मग हळूच विचारलं, "बैजू, तुले दिसलं होतं?"

"जी, बाबू."

"मंग काहून नाई बोलला?"

"आपकी टिक थी।"

"अन् रंगारी? त्याले दिसलं नाई? बाकीच्याइले?" रंगारी हातातला ब्रश पुसायला लागला. शेवटी ते माझ्याकडे वळले. "तुम्ही पाहिलं होतं, गोविंदराव?"

पाहिलं होतं. मी स्वतः ते कपाट गाडीवर चढवलं होतं. मनात म्हटलं होतं, मेश्रामांनी पास केलंय म्हणजे नवी फॅशन असेल.

"म्हंजे दहा जनाइले दिसलं," ते म्हणाले, "अन् कोनीच माल नाई पाहिला. सगळ्याइनं टिक पाहिली." त्यांनी खिशातून पिवळा खडू काढला, स्वतःच्या सदऱ्यावर छातीवर मोठी फुली मारली, दुसऱ्या खिशातला पांढरा खडू बैजूच्या हातात दिला आणि भोंगा व्हायच्या आधी घरी निघून गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

बाईंना नवं कपाट दिलं. मला वाटलं, दोन दिवसांत येतील. आठवडा गेला. शेडमध्ये काम चालू होतं, उलट जास्तच बारीक. टिक मारायच्या आधी नऊ जण भांडत आणि मलाही ओढत, "सेठ, आप भी देखो।" चार वाजता चहा होई. एक कप जास्त ओतला जाई आणि मग कोणीतरी तो मुकाट्याने पिऊन टाकी. मी चार दिवस कोणावर ओरडलो नाही. बैजू म्हणाला, "सेठ, तबीयत ठीक है?"

रविवारी मी मेश्रामांकडे गेलो. ओमतीच्या गल्लीत वरच्या मजल्यावर एक खोली. बायको कधीच वारलेली हे माहीत होतं. मुलगा नागपूरला. "नागपूर-विदर्भ या राज्यातून वेगळं झालं तेव्हा सगळे तिकडं गेले," ते एकदा म्हणाले होते, "मी म्हटलं, फॅक्टरी तर इकडं आहे." भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली खाट, कोपऱ्यात स्टोव्ह. त्यांनी दार उघडलं आणि माझ्याऐवजी माझ्या खांद्याकडे पाहत म्हणाले, "कोन? आवाज द्या."

मी आवाज दिला. ते चहा ठेवायला वळले, तेव्हा मला खाटेशेजारचं कॅलेंडर दिसलं. रोजच्या चौकटीत लाल पेन्सिलीची एक खूण. ते दिवससुद्धा तपासत होते. सोमवार ते शनिवार टिक. रविवार फुली. मी मागची पानं उलटली. सगळे रविवार फुली. दिवाळीला कारखाना चार दिवस बंद होता, चार फुल्या. जसजसे महिने पुढे येत होते तसतशा खुणा चौकटी सोडून बाहेर घसरत होत्या, कुठे शेजारच्या दिवसावर, कुठे पार कोऱ्या समासात. आणि देशपांडे बाई आल्या त्या दिवसापासून फुल्याच फुल्या.

"कधीपासून दिसत नाही?" मी विचारलं.

"थोडं थोडं दिसते."

"डोळे मिटायचं नाटक कधीपासून?"

ते स्टोव्हकडे तोंड करून म्हणाले, "उघडे ठेवून काई दिसलं नसतं, तर लोकाइले समजलं असतं. तुम्ही घरी बसवलं असतं. घरी काय तपासू?"

खाटेवर तोच सदरा पडला होता. धुवायचं राहिलं होतं की ठेवला होता, माहीत नाही. फुली तशीच. मी येताना शेडमधला पिवळा खडू खिशात टाकला होता, का ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. मी सदरा पसरला आणि फुलीभोवती गोल काढला. खडूचा आवाज त्यांना कळला.

"काय करून राहिले?"

"गोल. मोतीबिंदू निघतो. फुलीचं काम नाही हे."

"जुना माल आहे, गोविंदराव."

"मी मझौलीच्या बाजारात वाढलोय. जुन्या मालाचा भाव मला शिकवू नका. ऑपरेशन होईपर्यंत ऐकायचं काम तुमचं, पाहायचं आमचं. झाल्यावर दोन्ही तुमचं. यात एक सूतही इकडे-तिकडे होणार नाही."

त्यांनी दोन कपांत चहा गाळला. आलं कमी होतं. मी बोललो नाही. कप खाली ठेवत ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही खिडकीवर काहून नाई थांबले?"

"कोणत्या दिवशी?"

"परीक्षेच्या. खिडकीवरचा बाबू फेरपरीक्षेची पंधरा दिवसानंतरची तारीख देत होता. मी वाट पाहिली तुमची. तुकडा चांगला होता, एका बाजूनं केसभर बाकी."

"तुम्ही मला नापास केलं होतं!"

"नापास माल मी कधी कोनाच्या हातात परत देला का?"

माझ्या कारखान्याच्या भिंतीवर हा कायदा लिहिलेला आहे. रोज वाचत होतो. आणि तो तुकडा इतकी वर्षं माझ्याच टेबलावर, माझ्याच हाताशी पडून होता.

ऑपरेशन झालं. आता मेश्राम जाड काचांच्या चष्म्यातून माल पाहतात, आणि त्यांच्या टिकेवरही बैजू एकदा बोट फिरवून घेतो. त्यांनीच लावलेली सवय.

मी रविवारी तुकडा, चौकट आणि कानस घेऊन त्यांच्या खोलीवर जातो. मालक कानशीवर बसलेला कामगारांनी पाहू नये म्हणून, असं मी बायकोला सांगितलंय. मी घासतो, ते स्टुलावर बसून पाहतात. तुकडा खिडकीच्या उजेडासमोर धरतात आणि म्हणतात, "केसभर बाकी आहे अजून." मग चहा होतो. कॅलेंडरवर रविवारच्या चौकटीत आता गोल असतो, बरोबर चौकटीच्या आत.

तीन महिन्यांपूर्वी मी शेडमध्ये एकटा असताना तो तुकडा चौकटीत घालून पाहिला. कुठूनही उजेड येत नाही. तेव्हापासून रविवारी मी कानस नुसती वरवर फिरवतो. आणि त्या चष्म्यातून मेश्रामांना ते दिसत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

ज्या एका टिकेसाठी मी बावीस वर्षं जळलो, ती आता हक्काने मागता येईल. भांडून घेता येईल. पण मी तुकडा पुन्हा टेबलावर ठेवला, आणि पुढच्या रविवारी थोडं आलं सोबत नेलं.