व्हिएन्नेच्या कॉफीखान्यातील खुर्चीची मोहीम

वांगारॅटा कसब्यातील बोलिंग क्लबाचे समस्त मानकरी यांनी भरल्या बैठकीत पुसिले की, आपले मर्वपंत टकवेल सहकुटुंब युरोप खंडी गेले, तेथे व्हिएन्ना शहरी मोठे रण माजले म्हणतात, त्याची खरी हकीकत काय? त्यावरून सेवकाने पंतांच्या पत्नी ग्लेनिसबाईसाहेब यांच्या मुखीचे ऐकिले तैसे लिहिले; पदरचे घातले ते थोडेच.

मर्वपंत कामास वाघ, दिलाचे दर्याव, परंतु बूड टेकणे म्हणून ठाऊक नाही. लग्नानंतर समुद्रकिनारी मुक्काम पडला तो सर्व कारव्हॅन नामे घरगाडीखाली उताणे पडून तिचा आस दुरुस्त करण्यात खर्ची घातला, आणि लेकीच्या लग्नी भाषणे चालू असतां खुर्च्यांच्या चळती रचिल्या, त्यात व्याही उभेच राहिले. बाईसाहेबांनी हे सर्व सोसले आणि मनी एकच मनसुबा धरिला की, उभ्या जन्मात एकदां तरी या माणसाने समोर बसून एक पेला कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यावी. व्हिएन्नेत लोक कॉफीखान्यात निवळ बसावयास जातात ऐसी खबर लागली, मग त्यांनी स्वारीचा रोख तिकडे वळविला. तेथेही पंतांनी राजवाडे धावत पाहिले, आणि बघतां बघतां निघण्याचा दिवस उगवला.

ऑक्टोबर मास, म्हणजे पृथ्वीच्या दक्षिणार्धी आपल्या मायदेशी कोकरे बागडण्याचा वसंत, आणि इकडे पानगळ. वारा ऐसा सुटला की बाईसाहेबांची टोपी वारंवार उडाली आणि पंतांनी वारंवार धावून ती सर केली, आणि मग उभयतां कॉफीखान्यात दाखल जाहली. बाईसाहेब बसल्या न बसल्या तों पंत उठले. कारण आपल्या मुलुखाची रीत ही की, गिऱ्हाइकाने स्वतः गल्ल्यापाशी जाऊन मागणी करावी आणि खरकट्या बशाही पोचवाव्या, नाहीतर माणूस शेफारला म्हणतात. गल्ल्यापाशी वाढपी हेर लेओपोल्ड ('हेर' म्हणजे तिकडचे श्रीयुत, आणि वाढप्यास हाक मारावी ती 'हेर ओबर'), काळा कोट, ताठ मान, खासे किल्लेदारच!

"दोन कॉफी दे रे, मित्रा. मीच नेतो, तू कशाला खेपा घालतोस?"

किल्लेदारांस हा हल्लाच वाटला. हुकूम सुटला की, परदेशी सरदारांनी आपले ठिकाणी जाऊन बसावे, कॉफी आपल्या पायांनी येईल. पंतांनी माघार घेतली, आणि फिरून चाल केली, आणि फिरून शिकस्त खाल्ली.

"मर्व्ह, बस ना रे जरा!"

"अगं, तो एकटा राबतोय आणि मी बसू? कसंतरीच होतं मला."

"मग माझ्यासाठी बस!"

पंत बसणारच होते, परंतु वाटेत खरकट्या बशा दिसल्या आणि हात शिवशिवले. मग त्यांनी मेजामागून मेज काबीज करीत हातभर चळत रचिली आणि खिडकीपाशीची एक बशी, तीतील अर्ध्या खसखशीच्या केकासह, स्वहस्ते खरकट्याच्या बादलीत रिती केली. त्या बशीच्या धनीण, कैलासवासी दरबारी सल्लागारांच्या पत्नी फ्राउ होफ्राट, वर्तमानपत्राआड जिवंत होत्या!

"माझा केक कुठाय?"

कोणा गिऱ्हाइकाचे कुत्रे मेजाखालून भुंकले, आणि समस्त वर्तमानपत्रे खाली आली, आणि बाईसाहेबांस धरणी दुभंगेल तर बरे ऐसे जाहले. आता आपणांस हाकलणार, खुर्चीही गेली आणि कॉफीही, म्हणून त्यांचे डोळे भरले. पंतांनी ते पाहिले आणि चळत तेथेच ठेविली.

"चुकलं, बाई. नवा केक आणतो, आत्ता धावत जातो..."

"धावायचं नाही," फ्राउ होफ्राट कडाडल्या. "इथं बसायचं, माझ्यासमोर. माझा नवा केक संपेपर्यंत उठायचं नाही. आणि मी फार सावकाश खाते. बायकोलाही बोलवा, दमली असेल बिचारी."

ऐसा तह जाहला. लेओपोल्डांनी रुप्याच्या तबकात कॉफी आणिली. पंतांचा गुडघा बसल्या जागी नाचू लागला. शेजारचे मेज डुगडुगते ऐसे पाहून ते वाकले, तों फ्राउ होफ्राटांनी काटा उगारिला आणि पंत सरळ जाहले. मग करावयास काहीच उरले नाही, तेव्हां त्यांनी बायकोकडे पाहिले.

"टोपी छान आहे गं. नवीन?"

"सकाळपासून तिच्यामागे धावतोयस, मर्व्ह!"

बाईसाहेब ऐशा हसल्या की कॉफी नाकात गेली, आणि पंत हसले, आणि लेओपोल्डांनी भिंतीकडे तोंड फिरविले ते हसू लपवावयास.

अखेर केक संपला आणि फ्राउ होफ्राटांनी कैद्यास मोकळे केले. आता पंत उठणारच म्हणून बाईसाहेबांनी पर्स उचलिली. पंतांनी रित्या पेल्याकडे पाहिले, आणि खुर्ची पुढे ओढिली, आणि बसल्या जागेवरून एक बोट वर केले.

"हेर ओबर, अजून दोन. सावकाश आणा."

येणेप्रमाणे पानगळीच्या ऐन भरात ग्लेनिसबाईसाहेबांची फत्ते जाहली. मर्वपंत बसले, आणि कोणी बसविले नसतां बसून राहिले. साक्ष फ्राउ होफ्राट.