गेला, पण केवढ्याला?

"टोमॅटो कापायला एक धड सुरी नाही या घरात, आणि कपाटात बघा, चाकूंचं संमेलन भरलंय!"

बाई हे कोणालाच उद्देशून बोलत नव्हत्या. ओट्याशी उभ्या राहून टोमॅटोला सांगत होत्या. पण स्वयंपाकघर एवढंसं, की टोमॅटोला सांगितलेलं नवऱ्याला ऐकू जाणारच. तराजूसाहेबांनी पेपर दोन बोटं वर उचलला आणि त्याच्या आड गेले.

तराजूसाहेब म्हणजे वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. ते दुकानात शिरले की दुकानदार आधी काटा पुसायचे, मग घाम. मालावर किंमत दिसली नाही की दंड! समोर कोणीही असो, सबबी चालायच्या नाहीत. बाजाराने ठेवलेलं हे नाव निवृत्तीनंतर त्यांच्या पाठोपाठ घरी आलं आणि तिथंच मुक्कामाला राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, चाकूंची एवढी हौस असलेल्या माणसाने बायकोला एक सुरी आणून देऊ नये? हौस! तिथंच तर सगळं घोडं अडलंय.

लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला सासूबाईंनी त्यांना शिंगाच्या मुठीचा, घडीचा एक चाकू दिला. नवा जावई, समोर सासू, आजूबाजूला सगळं सासर टक लावून बसलेलं. तराजूसाहेब म्हणाले, "वा! असंच काहीतरी मला हवं होतं!"

झालं! या एका वाक्यावर पुढचा सगळा संसार उभा राहिला. जावयाला चाकू आवडतात ही बातमी घरभर पसरली आणि सगळ्यांची वर्षानुवर्षांची चिंता मिटली. पुरुषमाणसाला काय द्यावं, हा प्रश्न त्या घरापुरता कायमचा सुटला. मेहुण्यांनी चाकू दिला. बायकोने दिला. लेक मोठी झाली, तिने दिला. लेकीचं लग्न झालं, जावयाने दिला. हस्तिदंती दिसणाऱ्या मुठीचे, नक्षीच्या पात्याचे, मखमली पेटीतले. प्रत्येक वेळी तराजूसाहेब 'वा!' म्हणत गेले आणि प्रत्येक 'वा'मागे एक नवा चाकू येत गेला.

आणि खरं सांगायचं तर या माणसाला पात्याची भीती वाटायची. दाढी करायची ती यंत्राने. सफरचंद खायचं ते दातांनी. चाकूंचं कपाट उघडायचं झालं तर आधी श्वास घ्यायचे, पाण्यात उडी मारणाऱ्यासारखा.

पण हे सांगणार कसं? इतक्या वर्षांनी? इतक्या माणसांनी इतक्या मायेने शोधून शोधून आणलेले! तोंडावर सांगितलं तर सासूबाईंना काय वाटेल, लेकीला काय वाटेल, या काळजीने ते गप्प राहिले. शेवटी त्यांनी एक बेत केला. कोणाचं मन न दुखवता, एकेक करून, गुपचूप सगळे विकून टाकायचे. "कोणाला पत्ता लागणार नाही!" आरशातल्या स्वतःला त्यांनी बजावलं.

मोबाइलवर 'पातं-मूठ मंडळ' नावाचा एक गट सापडला. हौशी लोकांचा. चाकूचा फोटो टाकायचा, पात्याची लांबी लिहायची, किंमत लिहायची. विकला गेला की खाली लिहायचं: 'गेला.' मंडळाचा नियम असा की विकलेल्या चाकूचा फोटो काढून टाकायचा नाही, तो नोंद म्हणून राहणार. किंमत ठेवायची की पुसायची, ते मात्र विकणाऱ्याच्या मर्जीवर. आणि बघावं तर सगळेच पुसत होते! फोटोमागून फोटो, 'गेला', 'गेला', 'गेला', आणि किंमतीच्या जागी नुसती रेघ.

तराजूसाहेबांमधला निरीक्षक खडबडून जागा झाला. त्यांनी 'सरळकाटा' असं टोपणनाव घेतलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "गेला, पण केवढ्याला?"

मंडळात सन्नाटा! जेवायला बोलावलेल्या पाहुण्याने 'ही भाजी कालची का हो?' विचारावं, तसा.

मग एक दंतवैद्य म्हणाले, "ती घेणाऱ्याची खासगी बाब असते."

एक निवृत्त बोटमास्तर म्हणाले, "किंमत उघडी ठेवली की पुढचं गिऱ्हाईक तीच धरून बसतं. त्याला चार हजारांना दिला, मग मला पाच का? कोण डोकं पिकवून घेणार?"

"पण दिसलीच नाही तर आमच्यासारख्या नव्या माणसाला कळायचं कसं?" एका शिंप्याने विचारलं. "परवा मी एका साध्या चाकूला दुप्पट मोजले!"

"त्यातूनच अनुभव येतो," दंतवैद्य.

"हो, तुमच्या खुर्चीतही असाच येतो!" शिंपी.

तराजूसाहेबांना राहवेना. न्हाणीघराचं दार लावून, आवाज येऊ नये म्हणून नळ सोडून, बादलीवर बसून त्यांनी टंकलं, "किंमत झाकणारा माणूस काहीतरी झाकत असतो!"

शिंप्याने टाळ्या पाठवल्या. पण 'गंजका' नावाचा एक जुना सदस्य तेवढा वेगळंच विचारून गेला, "सरळकाटा, घरात माणसं किती?"

"आहेत भरपूर. चाकूही भरपूर, पण एकही घरात ठेवायचा नाही!"

"मग पुसत चला."

"का?"

"पुसा हो."

यापुढे तो काही बोलेना. तराजूसाहेबांनी खोदून खोदून विचारलं. घरातल्या माणसांचा आणि विकलेल्या चाकूच्या किंमतीचा संबंध काय? हे कुतूहल त्यांना दातात अडकलेल्या काडीसारखं छळत राहिलं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व! त्यांनी एकही किंमत पुसली नाही.

विक्री झकास चालली. रोज सकाळी बाई अंघोळीला गेल्या की जेवणाच्या टेबलावर चाकू ठेवून फोटो काढायचा, संध्याकाळी डबीत बांधून कुरियरवाल्याकडे द्यायचा. बायकोला सांगायचं, फिरून येतो. "बरं झालं, गुडघे मोकळे होतील," बाई म्हणायच्या. चाकू कमी होत गेले तसतसे उरलेले कपाटात लांब लांब बसू लागले, अबोला धरलेल्या जावांसारखे.

आणि अशात वाढदिवस जवळ आला.

वाढदिवस जवळ आला की त्या घरातली माणसं काय करणार? चाकू शोधणार! यंदा जावई शोधत होता, मोबाइलवर. शोधता शोधता पोचला थेट पातं-मूठ मंडळात.

"अगं, बघ ना!" तो बायकोला म्हणाला. "बाबांना मी दिलेला, अगदी तस्साच! साडेनऊ हजारांना गेलाय!"

"साडेनऊ हजार?" लेक म्हणाली. "तू तर मला बाराशेला मिळाला म्हणाला होतास."

जावयाच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. तो सारवासारव करणार, तेवढ्यात लेकीने फोटो मोठा केला. चाकूखाली टेबलावरचं प्लास्टिक दिसत होतं आणि त्यावर शाईने काढलेला, मिशा असलेला सूर्य.

"हा सूर्य माझा आहे," ती म्हणाली. "चौथीत असताना काढलेला. त्याच्यासाठी मी मार खाल्लाय."

रविवारी सगळे आले. लेक, जावई, मेहुणे, सासूबाई. प्रत्येकजण दारात म्हणाला, "सहज आलो!" सहज आलेली माणसं अशी एकामागोमाग एक जिना चढत नाहीत, हे तराजूसाहेबांना तेव्हाच कळायला हवं होतं. चहा झाला. लेकीने मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवला. त्यात सगळे चाकू रांगेत, प्रत्येकाखाली 'गेला' आणि प्रत्येकापुढे किंमत. ठळक, स्वच्छ, दुकानाच्या दर्शनी फळ्यावर असावी तशी.

तराजूसाहेबांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. आता विचारणार! आता 'का विकले' विचारणार!

पण बाईंनी मोबाइल उचलला, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि वळल्या त्या भावाकडे. "चारशे? तू दिलेला चाकू चारशेला गेला?"

"बाजार पडलाय, ताई," मेहुणे म्हणाले.

"जुन्या जहाजावरच्या कप्तानाचा आहे म्हणाला होतास! अर्धे पैसे माझ्याकडून नेलेस!"

"अगं, कप्तानाचाच! हल्ली कप्तानांना किंमत राहिलेली नाही."

"बाजार पडलेला नाही," तराजूसाहेबांच्या तोंडून जुन्या सवयीने निघून गेलं. "नवाच माल आहे तो. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला." आणि मग त्यांनी जीभ चावली.

"भावोजी!" मेहुणे ओरडले. "तुम्ही तर 'वा' म्हणाला होतात!"

"आणि तू!" लेक जावयावर घसरली. "बाबांना साडेनऊ हजारांचा चाकू, आणि माझ्या वाढदिवसाला इस्त्री?"

"वाफेची होती ती!"

"वाफ मला आता येतेय डोक्यातून!"

कोणी काय दिलं, केवढ्याला सांगितलं, केवढ्याला निघालं! टेबलावर नुसता बाजार भरला. बाईंचा चाकू भावापेक्षा महाग गेला म्हणून त्या घटकाभर खूश झाल्या, मग लेकीपेक्षा स्वस्त गेला म्हणून हिरमुसल्या. या गदारोळात तराजूसाहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गंजका! 'घरात माणसं किती' म्हणजे हे होय! विकलेल्या चाकूची किंमत ही घेणाऱ्याची नसते, देणाऱ्याचीही नसते. ती सासर-माहेरची असते!

"अहो, पुसा त्या किंमती आधी!" बाई म्हणाल्या. "सगळ्या जगाला दिसतायत!"

"मी पुसू? जन्मभर मी लोकांना दंड केला..."

"मग स्वतःला करा, पण पुसा!"

तत्त्व काही काळ टेबलाशी ताठ बसून राहिलं. मग लेकीचे भरलेले डोळे दिसले आणि ते मुकाट्याने उठून गेलं. तराजूसाहेबांनी एकेक किंमत पुसली. शेवटची रेघ उमटते न उमटते तोच मोबाइल टणटण वाजू लागला. जावई जवळ बसला होता, त्याने सवयीने वाचायला सुरुवात केली.

"बोटमास्तर म्हणतात, 'सरळकाट्यानेही पुसली! या, या!' शिंपी म्हणतो, 'तुम्हीसुद्धा, साहेब?' दंतवैद्य म्हणतात, 'घरी कळलेलं दिसतंय.' आणि कोणी गंजका विचारतोय, 'बाकीचे कधी काढताय? एकही घरात ठेवायचा नाही म्हणाला होतात ना?'"

शेवटचं वाक्य वाचून झाल्यावर आपण काय वाचलं ते त्याला कळलं.

त्याने मोबाइल पालथा ठेवला. मग मेहुणे घाईघाईने म्हणाले, "चारशे ही तशी वाईट किंमत नाही हां!"

"छे, छे, चांगलीच आहे!" बाई म्हणाल्या. मघाशी त्याच चारशेवरून त्यांनी भावाची सालटी काढली होती.

"वाढतील अजून," लेक म्हणाली.

"नक्की वाढतील," जावई म्हणाला. "व्याजाचे दर बघता..."

तराजूसाहेब एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. ही माणसं किंमतीला घट्ट धरून बसली होती, पुरात झाडाला धरावं तशी. कारण किंमत सोडली की पुढचा प्रश्न आलाच. तो कोणालाच विचारायचा नव्हता, आणि त्याचं उत्तर देणं तर ते स्वतःच कितीतरी वर्षं टाळत आले होते.

कोपऱ्यात सासूबाई बिस्किट चहात बुडवत होत्या.

"किंमती राहू देत," त्या म्हणाल्या. "जावईबापू, का विकलेत?"

"जागा..." तराजूसाहेब म्हणाले. "कपाटात जागा... म्हणजे दमट हवेने पाती..." सगळी वजनं एकाच पारड्यात आल्यासारखं झालं होतं. आता लेक रडेल, बाई बोलणं टाकतील, सासूबाई पदर डोळ्याला लावतील. होऊ दे! त्यांनी डोळे मिटले.

"मला चाकू आवडत नाहीत," ते म्हणाले. "भीती वाटते मला चाकूची. पहिल्यापासून."

कोणी रडल्याचा आवाज आला नाही. त्यांनी एक डोळा उघडला.

"सुटलो!" मेहुणे म्हणाले आणि खुर्चीत पसरले.

"बाबा, अहो, दोन-दोन महिने आधीपासून माझं पोट दुखायचं, यंदा कुठला आणायचा म्हणून!" लेक जावयाचा हात धरून हसत होती. जावई कपाळाला हात लावून "देवा, देवा" म्हणत होता. "आणि मी मेली दर दिवाळीला ती पाती तेल लावून पुसतेय!" म्हणत बाई पुन्हा चहा टाकायला उठल्या, चक्क गुणगुणत. सासूबाईंनी दुसरं बिस्किट घेतलं.

इतक्या वाढदिवसांत या घरात एवढा आनंद तराजूसाहेबांनी कधी पाहिला नव्हता. ते एकटेच आपले खुर्चीत बसून राहिले. निदान एकाला तरी थोडं वाईट वाटायला हरकत नव्हती, असं त्यांना राहून राहून वाटत होतं.